आत ओढलेला होकार

गुरुवारी संध्याकाळी सहाला, योएन्सूच्या ग्रंथालयात,
तळमजल्यावरच्या सभागृहात माझं काम एवढंच :
ज्याचा हात वर, त्याच्यापाशी माइक न्यायचा.
द्यायचा नाही. धरायचा.
ज्याच्या हाती माइक तो पारधी,
हे हेल्का तुरुनेनबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलेलं,
नव्या पुलावरच्या चर्चेचा दाखला देऊन
(ती अजून संपलेली नाही, फक्त दिवे घालवले होते).

मी धरते. म्हणून मला प्रश्नाच्या आधीचं ऐकू येतं :
आवंढा, कवळीची टकटक,
खोकल्याच्या गोळीचं दातांवर आपटणं,
आणि "प्रश्न नाही, फक्त एक मुद्दा" म्हणणाऱ्यांची
भरून घेतलेली छाती.

आज विषय होता यंत्र आणि बोली.
वक्ता हेलसिंकीचा, डॉक्टर रौताकोस्की.
बूट बर्फाने ओले, बोलणं इस्त्रीचं.
त्याच्या मागच्या पडद्यावर
जो बोलेल त्याचं बोलणं तिथल्या तिथे उमटत होतं.
कमी ऐकू येणाऱ्यांसाठी सोय, असं पत्रकात होतं,
पण वाचत सगळेच होते,
माणूस समोर सोडून त्याच्या अक्षरांकडे बघत.
खुर्ची करकरली तेव्हा यंत्राने लिहिलं : हशा.
त्यावर खरा हशा पिकला,
तेव्हा काहीच लिहिलं नाही.

"जे जे उच्चारलं जाईल," डॉक्टर म्हणाला, "ते ते आता टिकेल."
खिडकीजवळची निवृत्त शिक्षिका ताडकन उठली :
मीठ लावलेला मासाही टिकतो, पोहत नाही.
दोन विद्यार्थी तिच्यावर तुटून पडले.
नगरपालिकेचा माणूस खर्चाबद्दल बोलला.
कुणीतरी सीमेचा विषय काढला.
आमच्याकडे सीमा निघतेच, कॉफीसारखी,
शेवटच्या पंधरा मिनिटांत.
मी धावत होते या रांगेतून त्या रांगेत,
वायर पायांत, कुणाची तरी छत्री पायांत.

तेवढ्यात पाचव्या रांगेत ताउनो पीरोइनेन.
हात वर नव्हता.
टोपी मांडीवरून गुडघ्यावर आली होती, एवढंच.
आठ हिवाळे बघतेय मी त्याला :
येतो, ऐकतो, गोड पाव कागदात गुंडाळून खिशात घालतो, जातो.
का कोण जाणे, मी गेले.

माइक त्याच्या ओठांपाशी.
तो टोपीकडे बघत राहिला.
पडद्यावर एक उभी रेघ लुकलुकत राहिली.
इथे गप्प बसण्याचं कुणाला भय नाही,
पण डॉक्टरला होतं. त्यानेच विचारलं,
जरा मोठ्याने, म्हाताऱ्यांशी बोलतात तसं :
"तुमच्या आईची कारेलियन, आजोबा,
तुम्हाला अजून येते का?"

ताउनोने श्वास आत ओढला.
त्या श्वासावर एक शब्द होता.
आमच्या बायका गोठ्यात असंच "हो" म्हणायच्या,
बादली दोन्ही हातांत असताना,
फोनवर वाईट बातमी ऐकतानाही असंच.
हवा माइककडे आलीच नाही, माइकपासून गेली.
माझ्या बोटांना ती जाताना लागली, गार.

पडदा कोरा.
डॉक्टर थांबला. पडद्याकडे पाहिलं. परत ताउनोकडे.
"हो की नाही?"
"त्यांनी उत्तर दिलंय," हेल्काबाई म्हणाल्या.
हे मात्र यंत्राने उमटवलं, एकही चूक न करता.

नंतर खुर्च्या रचल्या, आठ-आठच्या चवडीत.
एकीखाली पावाचा कागद सापडला,
त्याने आज पाव इथेच खाल्ला होता.
छापून आलेलं इतिवृत्त हेल्काबाई उभ्याउभ्याच चाळत होत्या.
सात बारा आणि सात तेराच्या मध्ये
पांढरी जागा, बोटभर.
"इथे काही राहिलंय का गं?"

मी श्वास आत ओढला.

त्यांनी पान उलटलं.